आई-आप्पांना घेऊन सिडनीला: बॅगेत काय, कार्डावर काय, आणि केळीबाग बघायला मिळेल का?

रावेरची लेक
रामराम मंडळी. धाकटा भाऊ सिडनीत असतो, पॅरामॅटाच्या बाजूला. एप्रिलच्या शेवटी आई-आप्पांना घेऊन मी सहा आठवड्यांसाठी जातेय. त्याहून एक दिवस जास्त नाही, कारण मृग लागायच्या आत बांधावर परत यायचं या अटीवरच आप्पांनी तिकिटाला हो म्हटलंय. आप्पा ७१, आई ६६. दोघांनीही विमान फक्त खालून बघितलेलं. आईला बीपी आणि शुगर, आप्पांचे गुडघे.

व्हिसा आला. परत येणार याचा पुरावा म्हणून सातबारा आणि केळी विकल्याच्या पट्ट्या इंग्रजीत करून दिल्या. ‘पोटखराबा’ला (लागवडीला न येणारी जमीन) इंग्रजीत काय लिहायचं यावर भाषांतर करणाऱ्याशी अर्धा तास वाद झाला, ते असो.

आता आईची यादी वाचा: घरचं तूप, काळा मसाला दोन किलो, बिबडे, उडदाचे पापड, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, कळण्याचं पीठ, पेढे, पोळपाट-लाटणं (‘सुनेकडे नीट नसेल’), आणि निघायच्या दिवशी बागेतली केळीची एक फणी. यातलं काय जाईल?

दुसरं म्हणजे दोघांना इंग्रजी अजिबात येत नाही. भाऊ-वहिनी दिवसभर कामावर.

तिसरं आप्पांचं. भावाने व्हिडिओ कॉलवर ऑपेरा हाऊस दाखवलं. आप्पा बघून म्हणाले, ‘चांगलं आहे. यांच्याकडं केळी कुठं होते?’ तेव्हापासून एकच धोशा आहे, तिथली केळीबाग बघायची. कुणी गेलंय का?

धुळेकर, सध्या मेलबर्न
ताई, यादीतली फणी आजच काढा. ताजं फळ, भाजी, कढीपत्त्याची काडीसुद्धा चालत नाही. पेढे, बर्फी, खव्याचं काहीही नाही. आपल्याकडे जनावरांना लाळ्या-खुरकत होतो, त्यांच्याकडे तो नाही, म्हणून दुधाच्या पदार्थांना ते एवढे घाबरतात. तूप तिथे कुठल्याही इंडियन दुकानात मिळतं, बॅगेतलं वजन वाचवा.

पण काय न्यायचं यापेक्षा कार्ड कसं भरायचं हे जास्त महत्त्वाचं. विमानात एक कार्ड देतात. त्यात खायचं काही आहे का, लाकडाचं काही आहे का, माती लागलेलं काही आहे का, गेल्या ३० दिवसांत शेतावर किंवा जनावरांजवळ गेला होतात का, असे प्रश्न असतात आणि खाली सही. शंका आली की ‘हो’ वर खूण करा. ‘हो’ म्हटल्याचा दंड नाही. फार तर वस्तू ठेवून घेतात. ‘नाही’ म्हणून सापडलात तर दंड हजारो डॉलरपर्यंत जातो, आणि जास्तच झालं तर व्हिसा रद्द करायचीही त्यांच्याकडे तरतूद आहे.

माझी आई आली तेव्हाचं सांगतो. सगळ्या खान्यांत ‘हो’. वेगळ्या रांगेत लावलं. अधिकारी बाईने बॅग उघडून बिबड्याची पिशवी वर धरली, उजेडात फिरवून बघितली. आई मला अहिराणीत विचारते, ‘हाई काय शे असं इचारी ऱ्हायनी का ती?’ मी सांगितलं, ज्वारी शिजवून, पसरवून, वाळवलेलं. बाईने एक तुकडा मोडला, आत कीड नाही ना बघितलं, सोडलं. पापड सोडले, दळलेला मसाला सोडला. लाटणं हातात घेऊन भोकं शोधली, तेही सोडलं. ठेवून घेतलं काय, तर देवाजवळची फुलांची पुडी. आईला वाईट वाटलं, पण दहा मिनिटांत बाहेर आलो.

आणि आप्पांच्या पायातलं बघा. बागेत वापरलेली चप्पल किंवा बूट न्यायचे असतील तर ब्रशने घासून, तळाच्या खाचांतली माती काढून, धुऊन वाळवून न्या. शेतकरी माणूस आहे, ३० दिवसांवाल्या प्रश्नाला ‘हो’ लागणारच. बूट चकचकीत असले की काम संपलं.

भुसावळ जंक्शन
एवढं काही नसतं हो. मी दोन वेळा गेलो, दोन्ही वेळा लाडू कपड्यांत गुंडाळून नेले, कुणी विचारलं नाही. कार्डावर नाही नाही नाही करत जायचं. उगाच ‘हो’ लिहून म्हाताऱ्या माणसांना रांगेत कशाला उभं करता?

अमळनेरची
तुम्ही वाचलात म्हणून ताईंनी आई-आप्पांना जुगार खेळायला लावायचा का? तिथे कुत्रे फिरतात वास घेत. आमच्या पुढच्या बाईच्या पर्सशेजारी एक लॅब्राडोर येऊन शांतपणे बसला. भुंकणं नाही, काही नाही, नुसता बसला. पर्समध्ये विमानातच मिळालेलं सफरचंद होतं, बिचारी विसरली होती. विमानातलं फळ विमानातच संपवायचं किंवा तपासणीच्या आधी डबे ठेवलेले असतात त्यांत टाकायचं. हे आई-आप्पांना उतरण्याआधी दोनदा सांगा. आपली माणसं अन्न टाकत नाहीत, खिशात ठेवतात.

आणि रांगेत उभं राहण्याचं म्हणाल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअरची मदत मागा, पैसे लागत नाहीत. आप्पा ‘मी काय लंगडा आहे का’ म्हणतील. गुडघ्यांचं कारण सांगू नका, ‘वाट दाखवायला माणूस मिळतो’ म्हणा.

औषधाचं दुकान, पारोळा
आईंच्या गोळ्या मूळ पाकिटात न्या, डबीत सुट्या करून नको. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, गोळीचं मूळ नाव आणि दिवसाला किती ते लिहिलेलं. तीन महिन्यांपर्यंतचा साठा स्वतःसाठी नेता येतो, तुम्हाला सहाच आठवडे आहेत. विमा घेताना बीपी-शुगर लपवू नका आणि आधीपासूनचे आजार धरणाराच घ्या. तिथल्या सरकारी मेडिकेअरचे काही देशांशी करार आहेत, भारताशी नाही, म्हणजे दवाखान्याचं बिल पूर्ण आपलं. तातडीचा नंबर ०००, तीन शून्य. आईंच्या फोनवर पहिलाच सेव्ह करा.

चोपड्याचे मास्तर
ताई, इंग्रजीची काळजी करू नका. मी ३२ वर्षं इंग्रजी शिकवलं आणि मुलीकडे ब्रिस्बेनला गेल्यावर पहिल्याच दुकानात आडवा पडलो. काउंटरवरची पोर म्हणाली, ‘यू राइट?’ मी मनात म्हटलं, माझं काय चुकलं? नंतर कळलं, ‘काही मदत हवी का’ असं ती विचारत होती. बागेत एक गृहस्थ भेटले, ‘हाऊ यू गोइंग?’ मी म्हटलं, ‘बाय बस.’ ते हसत पुढे गेले. ते फक्त ‘कसं काय’ विचारत होते.

सगळ्यात मोठी फजिती ‘टी’ची. शेजारच्या आजींनी सहा वाजता ‘टी’ला बोलावलं. आम्ही दोघं साडेपाचला वरण-भात, पोळी-भाजी जेवून गेलो, चहा-बिस्किटाच्या तयारीने. तिथे टेबलावर आमच्यासाठी मुद्दाम केलेलं शाकाहारी पूर्ण जेवण! तिकडे बरेच लोक रात्रीच्या जेवणालाच ‘टी’ म्हणतात. आमच्या सौ. एका पोळीच्या माणूस, त्या दिवशी दुसऱ्यांदा जेवल्या. आजींना आजही माहीत नाही.

‘आर्व्हो’ म्हणजे दुपार, ‘ब्रेकी’ म्हणजे न्याहारी, आणि ‘थाँग्ज’ म्हणजे चप्पल (अंतर्वस्त्र नव्हे), म्हणून कुणी थाँग्ज घालून या म्हटलं तर लाजू नका. एवढ्या शब्दांवर सहा आठवडे निघतात.

आप्पांना एक शिकवून न्या: बसमधून उतरताना ड्रायव्हरला ‘थँक्यू’. सगळे म्हणतात, मागच्या दाराने उतरणारे ओरडून म्हणतात. मला हे फार आवडलं. एसटीच्या ड्रायव्हरला मी आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं, आल्यावर चोपडा-जळगाव गाडीत म्हटलं तर तो आरशातून बघतच राहिला.

काय विचारू नये तेही सांगतो. पगार किती, घर केवढ्याला घेतलं, तुमचं वय किती, लग्न का नाही झालं. आपल्याकडे हे प्रेमाने विचारतात, तिकडे याने माणूस गप्प होतो. हवामान, कुत्रा आणि क्रिकेट यांवर कितीही बोला. आणि कुणाकडे न कळवता जाऊ नये.

अमळनेरची
मास्तर, शेवटची गोष्ट आमच्याकडच्या कुणालाही पटत नाही बघा. :)

ताई, स्वयंपाकघराचं मी सांगते. फोडणी देण्याआधी वरचा पंखा सुरू करा आणि खिडकी उघडा. छताला धुराचा अलार्म असतो. मी पहिल्याच दिवशी ठेच्यासाठी मिरच्या तव्यावर घातल्या आणि अख्खी इमारत जिने उतरून खाली. अग्निशमनची गाडी आली. मी हातात उलथनं घेऊन उभी.

भरताचं दुःख वेगळंच आहे. आपली हिरवी-पांढरी, पातळ सालीची वांगी तिकडे नाहीत. (जळगावच्या भरीत वांग्यांना आणि केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते किती खरं आहे हे तिकडचं जांभळं वांगं खाल्ल्यावर कळतं. स्पंज नुसता.) त्यात शेगडी काचेची, आच नाही. दिरांनी उन्हाळ्यात, म्हणजे त्यांच्या जानेवारीत, मागच्या अंगणात काटक्या पेटवून वांगी लावली. पाच मिनिटांत शेजारी कुंपणावरून: आज टोटल फायर बॅन आहे, विझवा! उष्ण, वाऱ्याच्या दिवशी वणव्याच्या भीतीने उघड्यावर आग लावायला पूर्ण बंदी जाहीर करतात, मोठा दंड असतो. शेजाऱ्याने तक्रार केली नाही, स्वतः पाण्याची बादली आणून दिली. तुम्ही मे महिन्यात तिथे असाल, तेव्हा तिकडे थंडी सुरू होते, हा प्रश्न येणार नाही. तरी भावाला विचारल्याशिवाय आप्पांच्या हातात काडेपेटी देऊ नका.

भरताचा उपाय: बऱ्याच बागांमध्ये फुकट वापरायच्या विजेच्या शेगड्या असतात, सपाट लोखंडी. वांग्याला तेल लावून त्यावर फिरवत राहा. कपाशीच्या काड्यांचा वास येत नाही, पण कांद्याची पात, शेंगदाणे आणि हिरवी मिरची पुरेशी घातली की डोळे मिटून खाता येतं.

नंदुरबारी मिरची
थोडक्यात माझं. मे-जूनमध्ये सिडनीला जाताय, स्वेटर न्या. आपल्याकडे तेव्हा ४४ अंश असतात म्हणून सगळे सुती कपडे भरतात. तिथली घरं आतून गार, थंडी हाडात जाते. प्लगच्या पट्ट्या तिरक्या असतात, त्याचं अडॅप्टर इथूनच घ्या. नळाचं पाणी प्यायचं, बाटल्या विकत घ्यायच्या नाहीत. संडासात पाणी नसतं, एक मग न्या किंवा वहिनीने जेट बसवला का विचारा. मागच्या सीटवरही पट्टा लावायचाच. आणि भाजीच्या दुकानात डॉलरचे रुपये करत बसू नका. आमचे वडील तीन दिवस जेवले नाहीत नीट, एका फ्लॉवरच्या किमतीत किती किलो येतो ते मोजत बसले.

तापीकाठ
शेवटी केळीवर आलो. मी क्वीन्सलंडला चार वर्षं होतो, घरचा बागायतदार, म्हणून थोडं लांबण लावतो.

ऑस्ट्रेलियाची बहुतेक सगळी केळी उत्तर क्वीन्सलंडमध्ये होते, टुली आणि इनिसफेल या पट्ट्यात. सिडनीपासून फार लांब, विमानानेच जावं लागतं. जात कॅव्हेंडिशच, आपल्या ग्रँड नैनच्या घराण्यातली. २००६ मध्ये लॅरी चक्रीवादळ आलं आणि त्या पट्ट्यातली जवळजवळ सगळी बाग झोपली. बाहेरून केळी आणायला बंदी, त्यामुळे दुकानात किलोला पंधरा डॉलरच्या आसपास भाव गेला होता. २०११ मध्ये यासी वादळ आलं, पुन्हा तेच. वादळाने बाग पडली की काय होतं ते आप्पांना सांगायला नको.

पण टुलीला गेलात तरी बागेत पाऊल टाकू देणार नाहीत. २०१५ मध्ये तिथे पनामा मर रोगाचा टीआर-४ प्रकार सापडला. हा बुरशीचा रोग, मातीतून जातो. बुटाच्या तळाला चिकटलेल्या चिमूटभर मातीतून एका बागेतून दुसरीत जातो, आणि एकदा जमिनीत शिरला की पुढे कित्येक वर्षं तिथे ती केळी घेता येत नाही. औषध नाही. त्यामुळे बागांना तारेचं कुंपण, एकच फाटक, फाटकापाशी पाय बुडवायला जंतुनाशकाचं पाणी, बाहेरच्या गाड्यांना आत मनाई. आपल्या देशातही बिहार आणि उत्तर प्रदेशात हा प्रकार सापडलाय. रावेर-यावलमध्ये मजूर आणि ट्रॅक्टर या बागेतून त्या बागेत कसे फिरतात आणि पील (लावायचे केळीचे कोंब) कुठून कुठून आणतात हे आठवून मला तिथे घाम फुटला होता. आप्पांना फाटक दाखवलंत तरी पुष्कळ.

सिडनीतून जमेल असं एक ठिकाण सांगतो. उत्तरेला साधारण ५३० किलोमीटरवर कॉफ्स हार्बर. जुना केळीचा भाग. १९६४ पासून तिथे रस्त्याच्या कडेला भलीमोठी पिवळी केळी उभी आहे, लोक फोटो काढतात. ती आप्पांना दाखवा, पण थांबू नका, पुढे २५ किलोमीटरवर वूलगूल्गा गाव आहे तिथे जा. या गावात पंजाबी शीख शेतकरी काही पिढ्यांपासून केळी करत आले. १९६८ मध्ये तिथे गुरुद्वारा झाला. आता बऱ्याच जणांनी केळी काढून ब्ल्यूबेरी लावलीय, तरी डोंगरउतारावर बागा दिसतात. तिथे आप्पांना इंग्रजीची गरज पडणार नाही.

रावेरची लेक
तापीकाठ, आप्पांना वाचून दाखवलं. टीआर-४चं दोनदा वाचायला लावलं. मग काही न बोलता बाहेर गेले आणि बुटांचा जोड घेऊन नळाखाली बसले. निघायला अजून दोन महिने आहेत!

रावेरची लेक
(चार महिन्यांनंतर) परत आलो मंडळी. मृगाच्या आत, दोन दिवस बाकी असताना. वचन दिलं होतं म्हणून हिशेब देते.

कार्डावर सगळीकडे ‘हो’. अधिकाऱ्याने आप्पांचे बूट उलटे करून बघितले, मग आप्पांकडे बघून अंगठा दाखवला. आप्पांनीही दाखवला. काळा मसाला, बिबडे, पापड, लाटणं सगळं गेलं. आईने शेवटच्या क्षणी पदरात बांधलेल्या मेथीच्या बिया मात्र निघाल्या, ‘वहिनीच्या कुंडीत लावायला’ म्हणे. मी पाहिल्याबरोबर सांगून टाकलं, त्यांनी ठेवून घेतल्या. दंड नाही. आई मात्र दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

पहिले दहा दिवस आप्पा खिडकीत बसून होते. भाऊ-वहिनी कामाला, रस्त्यावर चिटपाखरू नाही. ‘या गावात माणसं राहतात का?’ असं विचारायचे. मग वहिनीने ओपल कार्ड (ट्रेन-बसच्या तिकिटाचं) काढून दिलं आणि आप्पा एकटे ट्रेनने जवळच्या हॅरिस पार्क उपनगरात जाऊ लागले. तिथे गुजराती, पंजाबी म्हातारे बाकावर बसतात. ‘थँक्यू ड्रायव्हर’ही शिकले, फक्त ट्रेनमध्येही म्हणायचे, ड्रायव्हर कुठे आहे ते न बघता.

आता वूलगूल्गा. भावाने दोन दिवस रजा काढली. मोठ्या केळीपुढे आईने फोटो काढले, आप्पा गाडीतून उतरले नाहीत. गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलो तर शेजारी एक ८० च्या पुढचे सरदारजी. आप्पांनी हिंदीत विचारलं, ‘केले का क्या भाव?’ झालं. दोन तास. सरदारजींच्या वडिलांनी कधी काळी डोंगरावर कुदळीने बाग लावली, आता मुलगा ब्ल्यूबेरी करतो. ते आम्हाला त्यांच्या जुन्या बागेच्या कुंपणापर्यंत घेऊन गेले. आत नेलं नाही, आप्पांनीच ‘नको, बूट’ म्हणून हात हलवला.

बाग अशी होती की आप्पा बराच वेळ बोललेच नाहीत. आमची बाग काळ्या सपाट जमिनीवर, ठिबक, रांगा ताठ. इथे उतार इतका की माणूस चालताना हाताने धरेल. ठिबक नाही, पावसावर. घडांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या. आप्पा कुंपणाच्या बाहेरून एकेका घडाच्या फण्या मोजत होते, बोटाने हवेत. ‘घड उतरवतात कसा हो इथून?’ सरदारजींनी खांद्यावर हात ठेवून वाकून दाखवलं. आप्पांनी त्यांच्या खांद्याला हात लावून बघितला. गाठ होती तिथे. आप्पांच्याही आहे, डाव्या खांद्याला.

निघताना पील मागायची हिंमत कुणी केली नाही. सरदारजींनी शेडमधून एक रिकामं, घडी केलेलं पुठ्ठ्याचं खोकं आणून दिलं, १३ किलो केळीचं, बाजूंना वाऱ्याची भोकं असलेलं. ‘हमारे टाइम से इसी में भरते हैं।’ आप्पांनी ते विमानात मांडीवर धरून आणलं. हवाईसुंदरीने वर ठेवू का विचारलं तर ‘नो, नो वरीज’ म्हणाले.

आल्या दिवशी संध्याकाळी घेणारा व्यापारी आला. आपल्याकडे एक्स्पोर्टचा माल सोडला तर घड अजून उघड्या ट्रकमध्ये पाचट घालून रचतात. आप्पांनी खोकं उलगडून त्याच्यापुढे ठेवलं. ‘यात भर, मग घासलं म्हणून भाव कापू नको.’ तो हसला. आप्पा हसले नाहीत.

खोकं सध्या ओसरीत आहे. आईने त्यात बिबडे ठेवलेत, भोकांतून हवा लागते म्हणते.